चंद्रावर बॉम्ब टाकलाच नव्हता

'नासाने 2009 मध्ये चंद्रावर बॉम्ब टाकला, चंद्र कक्षेतून हलला, हाती काहीच लागलं नाही, करार मोडला तो वेगळाच. आपली इस्रो असलं कधी करत नाही' असा मजकूर जिकडे तिकडे फिरतोय. त्यातलं एकही विधान पूर्ण खरं नाही.

नासाची ती मोहीम म्हणजे चंद्रावर पाणी शोधणारी एलक्रॉस. तिच्यात 9 ऑक्टोबर 2009 रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या कॅबियस विवरात आदळला तो सेंटॉर, म्हणजे इंधन संपलेला रॉकेटचा वरचा टप्पा. वजन दोन टनांहून जास्त, वेग सेकंदाला अडीच किलोमीटर, स्फोटकं अजिबात नाहीत. उलट काळजी वेगळीच होती. सेंटॉर हायड्रोजन आणि ऑक्सिजनवर चालतो, आणि त्या दोघांचं मिळून पाणीच होतं. त्याचा अंश टाकीत राहिला असता, तर चंद्राचं पाणी कोणतं आणि आपण नेलेलं कोणतं, हे कळलंच नसतं. म्हणून आधी तो उन्हाकडे वळवून वळवून सुकवून घेतला होता.

मग अलगद का नाही उतरले? कॅबियसच्या त्या भागात ऊन पोहोचतच नाही. तापमान उणे 230 अंश सेल्सिअसच्या आसपास, सौरपट्ट्या निकामी. शिवाय हवी होती ती पृष्ठभागाखालची माती. ती धडकेने उडून आठेकशे मीटर वर आली की उन्हात येते आणि वर्णपटमापीला, म्हणजे प्रकाशाच्या रंगांवरून पदार्थ ओळखणाऱ्या उपकरणाला, तिच्यातलं पाणी ओळखता येतं. एलक्रॉस यान सेंटॉरच्या चार मिनिटं मागे होतं. खाली जाता जाता ते त्या धुळीच्या नोंदी पाठवत राहिलं आणि शेवटी तिथेच आदळलं. चार मिनिटांसाठी आखलेली ही मोहीम मला आजही थक्क करते.

हौशी निरीक्षकांना दुर्बिणीतून काही दिसलं नाही, हे खरं. लोकांचा विरस झाला. पण यानाला सुमारे 155 किलो पाणी दिसलं. मातीत वजनाने 5.6 टक्के, तीनेक टक्के इकडेतिकडे. हा आकडा त्या एका जागेचा आहे, अख्ख्या ध्रुवाचा नाही. तरी 'काहीच नाही' म्हणणं चूकच.

कक्षेचा हिशेब सोपा आहे. धडकेने चंद्राच्या वेगात पडलेला फरक 100 कोटी वर्षं तसाच टिकला, तरी चंद्र जेमतेम अडीच मीटर सरकेल. अपोलो 13 ते 17 च्या वेळी तर सुमारे 14 टनांचे टप्पे मुद्दाम आदळवले होते, भूकंपमापकांकडून चंद्राच्या पोटातली माहिती मिळावी म्हणून.

1967 चा अंतराळ करार चंद्रावर अण्वस्त्रं, शस्त्रचाचण्या आणि लष्करी तळ यांना मनाई करतो. शांततामय संशोधनाची उपकरणं त्यात बसतात.

आणि इस्रो? एलक्रॉसच्या 11 महिने आधी, 14 नोव्हेंबर 2008 रोजी, चांद्रयान-1 मधून सुटलेली मून इम्पॅक्ट प्रोब दक्षिण ध्रुवाजवळ मुद्दामच आदळवली होती. तिच्या बाजूंवर तिरंगा रंगवलेला होता. शंभर किलोमीटरवरून खाली यायला तिला 25 मिनिटं लागली, आणि तेवढ्या वेळात तिच्यावरच्या 'चेस' या उपकरणाने चंद्राच्या विरळ वातावरणात पाण्याच्या खुणा टिपल्या.