मिशी आणि मुशी

लग्नाला २५ वर्षं होणार म्हणून आमच्या हिला विचारलं, बोल काय पाहिजे. मनाची तयारी पैठणीपर्यंत केलेली, अगदीच ताणलं तर फ्रिज, आणि ही कोथिंबीर निवडता निवडता म्हणाली, मला व्हेल शार्कबरोबर पोहायचंय. मान वर न करता. दूध संपलंय सांगावं तसं.

कुठलातरी व्हिडिओ बघितलेला म्हणे मोबाईलवर, तेव्हापासून डोक्यात होतं, चार वर्षं झाली. म्हणजे चार वर्षं ही बाई माझ्या शेजारी बसून मटार सोलत होती आणि डोक्यात शार्क.

मी कोथरूडचा. माझा आणि समुद्राचा संबंध दिवेआगरला पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभं राहण्यापुरता. पोहायला येतं, येत नाही असं नाही, लहानपणी सासवडला आजोळी मामाने पाठीला डबा बांधून विहिरीत ढकललेलं, पण त्या विहिरीतला सगळ्यात मोठा प्राणी म्हणजे कासव आणि तेही आम्हाला बघून खाली जायचं.

लेक बंगळुरूला असते, तिने फोनवरच सगळं ठरवून टाकलं. मालदीवला जा, साऊथ आरीला, बाकी ठिकाणी सीझन असतो तिथे व्हेल शार्क वर्षभर असतो. आणि बाबा, ग्रुप टूर अजिबात घेऊ नका, वीस-वीस जण पाण्यात असतात, लाथा बसतात, प्रायव्हेट घ्या. तुमची बोट, तुमचा गाईड, तुम्ही दोघंच. आता प्रायव्हेट म्हटलं की पुणेकराला दोन गोष्टी एकदम वाटतात, एक म्हणजे बरं वाटतं आणि दुसरं म्हणजे छातीत दुखतं. डॉलरचे रुपये करायचे नाहीत अशी हिने अट घातली. मी मनात केले. ज्या एजंटकडे पैसे भरले तो म्हणाला शंभर टक्के दिसणार काका, नाही दिसला तर मला येऊन विचारा. नाही दिसला तर याला येऊन नक्की काय विचारायचं हे तेव्हा सुचलं नाही.

साडू मालवणचा. त्याला कळल्यावर म्हणाला, आमच्याकडे लहान मिळते की, मुशी, मोरी, तिचं काय झकास मटण होतं, आणि तू एवढे पैसे घालून नुसता बघून येणार? मग म्हणाला, तुझा हा मोठावाला पण आपल्याच समुद्रात येतो, गुजरातेत जा ना. आणि हे खरंय, मी नंतर वाचलं. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर हा पूर्वी बेसुमार मारायचे, त्याच्या लिव्हरचं तेल होड्यांना चोपडायला. २००१ साली कायद्याने बंदी आली, पण कायद्याने आपल्याकडे काय होतं, हेल्मेट बघा. मग मोरारी बापूंनी सांगितलं की ही माहेरी बाळंतपणाला आलेली लेक आहे, आणि तिचं नाव पडलं व्हाली, म्हणजे लाडकी. आता जाळ्यात व्हाली सापडली तर कोळी स्वतःचं जाळं कापून तिला सोडतात. जाळं म्हणजे काय स्वस्त वस्तू नाही. मी हे हिला वाचून दाखवलं, हिच्या डोळ्यात पाणी आलं. मग म्हटलं तर आपण गुजरातलाच जाऊ, तर डोळ्यातलं पाणी लगेच आटलं.

पण खरी अडचण शार्कची नव्हती, माझ्या मिशीची होती.

माझा नंबर वजा साडेपाच. चष्मा काढला की मला समोरची बायकोसुद्धा अंदाजाने ओळखावी लागते. म्हणून नंबरच्या काचांचा मास्क ऑनलाईन मागवला, सोबत ती नळी, स्नॉर्कल, आणि सकाळी सहाच्या बॅचला तलावावर प्रॅक्टिसला गेलो. या मास्कला कडेने मऊ सिलिकॉनची झालर असते, ती कातडीला चिकटून बसते म्हणून पाणी आत येत नाही. कातडीला. केसाला नाही. माझी मिशी म्हणजे घराण्याची, आजोबांची तशीच होती, भरघोस, दोन्ही बाजूंना खाली उतरलेली, आणि तिच्या एकेका केसाच्या वाटेने पाणी थेंब थेंब आत येऊन बरोबर नाकात जमा. पाच मिनिटात माझ्या मास्कमध्ये मी आणि अर्धा कप क्लोरीन. नाकाने फुंकर मारून पाणी बाहेर काढायची एक ट्रिक असते, वरची कड दाबून धरायची आणि नाक शिंकरल्यासारखं करायचं, ती मी इतक्या वेळा केली की शेजारच्या लेनमधल्या बाई लेन बदलून गेल्या.

"देवमासा बघायला चाललात का?" कडेला धरून पाय मारणाऱ्या एका आजोबांनी विचारलं. म्हटलं नाही, व्हेल शार्क. "व्हेल म्हणजे सस्तन. शार्क म्हणजे मासा. दोन्ही एकदम असायला तो काय आघाडी सरकार आहे?" मला उत्तर येईना. घरी जाऊन वाचलं आणि दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन गेलो, की आजोबा मासाच आहे, कल्ल्यांनी श्वास घेतो, अंगात हाडं नाहीत नुसती कूर्चा, जगातला सगळ्यात मोठा मासा, व्हेल हे नुसतं आकारावरून चिकटलेलं. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग नाव चुकलंय. कळवा त्यांना."

वाचता वाचता मला हळूहळू तो आवडायला लागला हे मान्य करतो. तोंड दीड मीटर रुंद, दातांच्या जवळपास ३०० रांगा, पण एकेक दात कणीएवढा आणि कामाचा काहीच नाही, कारण खातो काय तर पाणी गाळून सापडेल ते, जवळ्यासारखं बारीकसारीक आणि माशांची अंडी. आणि डोळ्यांना पापण्या नाहीत म्हणून बुबुळाच्या कडेला बारीक बारीक दातांचं चिलखत असतं, हे २०२० साली जपानमधल्या संशोधकांनी शोधून काढलंय. डोळ्यात दात! हिला सांगितलं तर म्हणाली, म्हणजे तुमच्या मोठ्या काकूंसारखं.

मिशीला व्हॅसलीन लावा असा तोडगा नेटवर मिळाला. लावलं. पाणी यायचं कमी झालं पण मास्क घसरून हनुवटीवर यायला लागला. तरी म्हटलं समुद्रात वेगळं असेल. (कशावरून? विचारू नका.)

रात्री टॅक्सीने मुंबई, पहाटेचं विमान, आणि मालेला उतरून विमानतळाच्या दारातून बाहेर आलो तर आपल्याकडे जिथे रिक्षावाले उभे असतात तिथे बोटी उभ्या. तिथून स्पीडबोटीने दिगुरा नावाच्या बेटावर, दोन तास. त्या दोन तासांबद्दल एवढंच सांगतो की अव्होमिन मी घेतली होती आणि हिने घेतली नव्हती आणि उलट्या मला झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची प्रायव्हेट बोट. गाईड स्थानिक पोरगा, काळा गॉगल, हिंदी सगळं सिनेमे बघून शिकलेला, त्यामुळे साधं "बसा" सांगताना पण क्लायमॅक्स असल्यासारखं वाटायचं. त्याने नियम सांगितले. हात लावायचा नाही. अंगापासून ३ मीटर लांब, शेपटीपासून ४. समोरून आडवं जायचं नाही, फ्लॅश मारायचा नाही. मालदीवमध्ये १९९५ पासून याला संरक्षण आहे आणि हा साऊथ आरीचा पट्टा २००९ पासून राखीव. आणि मग म्हणाला, इथे दिसतात ते जवळजवळ सगळे वयात न आलेले नर, चार-पाच-सहा मीटरचे. मी हिच्याकडे बघितलं. म्हणजे लेकी गुजरातला माहेरी आणि पोरं मालदीवला मोकाट.

शेवटी म्हणाला, "अंकल, मास्क में थूको."

काय?

"थूको. फिर फॉग नहीं आएगा."

जिन्यात थुंकणाऱ्यांविरुद्ध सोसायटीच्या मीटिंगमध्ये तीन वर्षं भांडलेला माणूस मी, ठराव माझा, शंकराच्या फरशा मी स्वतः निवडून आणलेल्या. थुंकलो. पैसे भरलेले होते.

मग शोध. दोन माणसं टपावर उभी राहून पाण्यात सावली बघतात आणि बोट प्रवाळाच्या बाहेरच्या कडेकडेने हळू फिरते, पुढे, मागे, परत पुढे. खोल थंड पाण्यात, हजार मीटरच्याही खाली बुडी मारून आल्यावर हे प्राणी अंग शेकायला वर उथळात येतात असं म्हणतात, म्हणजे थोडक्यात उन्हाला बसतात. अडीच तास काही नाही. डिझेलचा वास, खारट वारा, पायात ती बदकाची पावलं घालून कडेला बसलेले आम्ही दोघं, मिशीला व्हॅसलीनचा दुसरा हात. मी मनात तासाचा रेट काढत होतो.

टपावरून आरोळी आली आणि गाईडने "चलो चलो चलो" करून आम्हाला ढकललंच, मामाची आठवण झाली, फक्त पाठीला डबा नव्हता.

मला काय दिसलं? बुडबुडे. मग मास्कमध्ये चढत जाणारं पाणी, आधी नाकाशी, मग डोळ्याशी, व्हॅसलीन वितळून दोन्ही काचांवर. मी वर तोंड काढून शिंकरतोय, परत खाली, परत शिंकरतोय, आणि एकदा शेवटी मास्क रिकामा करून खाली बघितलं तर निळंशार पाणी आणि त्यात एक बाई आनंदाने हातवारे करत माझ्याकडे येतेय. अंदाजाने ओळखली. "बघितला ना? बघितला ना हो? केवढा!"

म्हटलं हो, केवढा.

बोटीवर गाईडने माझा मास्क बघितला, मिशी बघितली, दुसरा मास्क देऊ का म्हणाला, पण त्याला नंबर कुठला असायला. मग एका वाळूच्या पट्टीवर जेवायला थांबलो तेव्हा त्याने बॅगेतून वापरून फेकायचा रेझर काढून माझ्यापुढे धरला. म्हणाला पूरी नहीं, बस नाक के नीचे एक लाईन. मी काही बोलायच्या आत ही म्हणाली, आणा इकडे.

२५ वर्षांत हिने मिशीबद्दल बरं-वाईट एक शब्द काढलेला नव्हता. पण त्या दिवशी तिने रेझर ज्या पद्धतीने धरला, आधी कोन बघितला, मग करंगळीने माझं नाक वर केलं, त्यावरून माझ्या लक्षात आलं की डोक्यात नुसता शार्क नव्हता. नाकाखालची एक लाईन काढली, ती वाकडी झाली. सरळ करायला उजवीकडे घेतलं, मग डावीकडे बरोबरी करायला. एकदा "हलू नका" म्हणाली, एकदा नुसतंच "हं" म्हणाली. दहा मिनिटांनी घराण्याची मिशी मालदीवच्या पांढऱ्या वाळूत पडलेली आणि तिच्याभोवती एक खेकडा फिरत होता.

दुपारी परत आरोळी. यावेळी मात्र आमच्याआधी दुसऱ्या कुठल्यातरी बोटीने बघितलेला, आणि आम्ही पोचेपर्यंत सात बोटी. त्या दिवशी मला प्रायव्हेटचा अर्थ कळला, बोट प्रायव्हेट, गाईड प्रायव्हेट, मासा सार्वजनिक. पाण्यात पन्नासेक माणसं, काठ्यांवरचे कॅमेरे, लाथा, कोणाचं तरी कोपर, हुबेहूब दिवाळीच्या आधीच्या रविवारचा लक्ष्मी रोड. मी प्रायव्हेटची पावती कोणाला दाखवणार.

पण मास्क कोरडा होता. खट्ट कोरडा. आणि मी खाली बघितलं तर तो माझ्या बरोबर खालून चालला होता.

आमच्या हॉलएवढा. करडा-निळा, अंगभर पांढरे ठिपके आणि ठिपक्यांच्या मधून आडव्या-उभ्या फिकट रेघा, ओळीत मांडल्यासारख्या, कोणीतरी पहाटे उठून ठिपक्यांची रांगोळी घालायला घेतली आणि ठिपके जोडायचे ठेवून चहाला गेली असं. पोटाखाली चिकटलेले चार लांबुडके मासे, कार्यकर्ते असतात तसे, नुसते सोबत. शेपूट एकदा डावीकडे, मग बऱ्याच वेळाने उजवीकडे. डोळा अगदी बारका, कडेला. त्या डोळ्याने त्याने मला बघितलं का? बघितलं असेल. पण दुकानात गिऱ्हाईक आलं तरी पेपर खाली न ठेवणारा मालक जसा बघतो तसं. इतका संथ चाललेला की वाटावं आपण आरामात गाठू, आणि मी जीव खाऊन पाय मारतोय तरी तो पुढेच. हिने माझा हात धरला होता. मला नळीतून काहीतरी बोलायचं होतं, जे बाहेर पडलं ते रेड्यासारखं होतं.

मग त्याने नाक जरासं खाली केलं आणि गेला. खाली निळ्यात, मग गडद निळ्यात. पन्नास माणसं वर तशीच तरंगत राहिली.

बोटीवर कोणी काही बोललं नाही. बऱ्याच वेळाने ही म्हणाली, अकरा ते सहाची असेल नाही रांगोळी? म्हटलं मोठी होती, एकवीसची असेल.

गाईडने कल्ल्यांच्या मागच्या भागाचे फोटो काढले होते. प्रत्येकाच्या ठिपक्यांची ठेवण वेगळी असते, आपल्या बोटांच्या ठशासारखी, आणि फोटो जुळवून तो कोण ते ओळखतात. त्यासाठी वापरतात ते गणित मुळात आकाशातल्या ताऱ्यांचे नकाशे जुळवायला केलेलं. कळवतो म्हणाला.

येताना मालेला पासपोर्टवाल्याने फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो. मुंबईलाही तेच. घरी सोसायटीच्या गेटवर ही बॅगा घेऊन पुढे गेली, मी टॅक्सीवाल्याशी टोलच्या पैशांवरून बोलत मागे, आणि आत शिरायला लागलो तर वॉचमनने हात आडवा केला. किसके यहाँ जाना है? रोज मला सलाम ठोकणारा माणूस. म्हटलं अरे मी. तर म्हणाला नाव सांगा, आणि मोबाईलवर माझा फोटो काढून ॲपवरून आमच्याच फ्लॅटला पाठवला.

ही लिफ्टमध्ये, रेंज नाही. मी बाकावर बसून राहिलो. तेवढ्यात मोबाईल वाजला, गाईडचा मेसेज, अंकल तुमचा मासा ओळखला, ठिपके जुळले, जुना आहे, इथे पुष्कळ वेळा दिसलाय.

वॉचमनने रजिस्टर पुढे केलं. येण्याचं कारण या रकान्यापाशी पेन नेऊन मी थांबलो, तेवढ्यात त्याच्या ॲपवर वरून उत्तर आलं. त्याने ते वाचलं, माझ्याकडे नीट निरखून बघितलं आणि म्हणाला, "मॅडम पूछ रही है, कौनसा कुरियर है."