अंबरसिंग महाराजांचे स्मरण : एक पुरवणी

शहाद्याच्या (जि. नंदुरबार) आदिवासी चळवळीचे नेते अंबरसिंग सुरतवंती, म्हणजेच अंबरसिंग महाराज, यांच्यावर प्रसिद्ध झालेला लेख आवडला. मात्र त्यात आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत मिळाव्यात म्हणून भरलेल्या १९७२ च्या भूमुक्ती परिषदेला जेवढी जागा मिळाली आहे, तेवढी त्यामागच्या रोजच्या, चिवट कामाला मिळालेली नाही. ज्या काळात आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरलेला सालदार, म्हणजे सालाने बांधलेला शेतगडी, वर्षभर मालकाच्या शब्दाबाहेर जाऊ शकत नसे आणि गहाण पडलेली जमीन परत मागण्याची भिल्ल कुटुंबाची छातीच होत नसे, त्या काळात सर्वोदयाच्या संस्कारातून घडलेला हा भिल्ल तरुण गावोगाव बैठका घेत हिंडला. भजने म्हणणाऱ्या माणसाला लोक महाराज म्हणत, आणि त्याच माणसाने मजुरीचा दर विचारायला शिकवले! माझे घराणे सालदार ठेवणाऱ्यांपैकी होते, त्यामुळे हे लिहिताना थोडा संकोच वाटतो. आमच्या ओसरीवर त्यांचे नाव बराच काळ कपाळाला आठ्या घालूनच घेतले जात असे.

१९७१ मध्ये पाटीलवाडीला जमीनदारांच्या बाजूने आदिवासींवर झालेल्या गोळीबारानंतर चळवळीला धार आली, हे लेखकाने योग्यच नोंदवले आहे. परंतु आदिवासी स्त्रियांनी पुढाकार घेऊन दारूचे मटके फोडले, त्याचा केवळ ओझरता उल्लेख यावा, हे मला खटकले, कारण नवऱ्याच्या मारहाणीविरुद्ध उघडपणे बोलण्याचे बळ अनेकींना त्याच मोहिमेतून मिळाले. महाराज १९७४ मध्ये अकाली गेले. त्यांच्यासोबत पायी फिरलेले जे वृद्ध कार्यकर्ते आज हयात आहेत, त्यांच्या आठवणी लेखकाने भिल्लांच्या भिलोरी बोलीतच ध्वनिमुद्रित कराव्यात, अशी विनंती आहे.