पॉज बटण द्या रे, पॉज!

एकट्याने खेळायच्या गेममध्ये पॉज नको असं ज्या कोणी ठरवलं ना, त्याला एक रात्र माझ्या घरी पाठवून द्या. काल पोरगी एकदाची झोपली, नवरा झोपला, बाटल्या उकळून झाल्या, आणि मी हेडफोन एकाच कानात घालून (दुसरा कशासाठी मोकळा हे आयांना सांगायला नको) त्या बॉससमोर, म्हणजे टप्प्याच्या शेवटच्या मोठ्या राक्षसासमोर, बसले. लाईफ बोटभर उरली होती त्याची. माझ्याकडे औषध शिल्लक, हात बसलेला, आज हा जाणारच. आणि आतून उंss. तो आवाज ओळखू येतो, मिनिटभरात त्याचं भोकाड होतं. मी मेनू उघडला आणि मेनूच्या मागे तो राक्षस तलवार घेऊन चालत येतोय! आरामात! अरे इंटरनेट बंद आहे, सोबत कोणी नाही, पलीकडे जिवंत माणूस नाही ज्याचा खोळंबा होईल, कोणासाठी चाललायस तू? कंट्रोलर टाकून पळाले. पाळण्याची दोरी हातात, आणि बाहेरून माझा मेल्याचा आवाज. कान मोकळा ठेवल्याचं बक्षीस. पोरगी तेवढ्यात आपली आपण झोपलीसुद्धा. परत जाऊन बघते तर बॉसची लाईफ फुल, मी पार लांब, आणि वाटेतले सगळे फुटकळ शत्रू जिवंत होऊन उभे.

गेमचं नाव लिहीत नाही. लिहिलं की भक्तमंडळी येतात, तुम्हाला जमत नाही म्हणून रडता, तोच तर गेमचा आत्मा आहे वगैरे. कसला आत्मा? अवघड असणं वेगळं आणि थांबता न येणं वेगळं. सेकिरो नावाचा गेम २०१९ चा आहे, जीव काढतो अक्षरशः, आणि त्यात पॉज आहे. कोणी म्हटलं का सेकिरो सोपा झाला म्हणून? १९७६ साली फेअरचाइल्ड चॅनेल एफ नावाचं गेम खेळायचं मशीन आलं होतं, त्याला होल्ड नावाचं बटण होतं, दाबलं की खेळ जागच्या जागी थांबायचा. १९७६! अटारी ५२०० हे तसंच मशीन आलं १९८२ ला, त्याच्या तर कंट्रोलरवरच पॉज. आणि आमच्याकडे नव्वदीत ती कॅसेट घालायची स्वस्तातली नकली मशीनं होती, कॅसेटवर ९९९९ गेम लिहिलेले आणि आत तेच चार उलटसुलट, त्यातसुद्धा स्टार्ट दाबलं की मारिओ उडी मारल्या जागी हवेत लटकून राहायचा. मी जाऊन दळण घेऊन यायचे, येईपर्यंत तो तसाच. लाइट गेली तरच मरायचा बिचारा. तेव्हा जमत होतं आणि आता जमत नाही?

बरं, ज्यांच्यात पॉज आहे त्यांची तऱ्हा वेगळी. कटसीन, म्हणजे मधेच येणारा गोष्टीचा सिनेमासारखा तुकडा, चालू असताना स्टार्ट दाबलं तर सीन थांबेल की अख्खा स्किप होईल हे दाबून बघितल्याशिवाय कळत नाही. म्हणजे मी तासभर झटून तिथवर पोचायचं, पोरगी कुरकुरली म्हणून बटण दाबायचं, आणि कोण मेलं, कोणी मारलं हे मला यूट्यूबवर जाऊन बघायचं. सेव्हचं तर बोलूच नका. रेसिडेंट ईव्हिल या भीतीच्या गेममध्ये १९९६ ला टाइपरायटर शोधायचा आणि शाईची रिबन खर्चून सेव्ह करायचं, ठीक आहे, त्या भीतीचाच तो भाग होता, मान्य. पण आज ज्या गेममध्ये शेतात मुळे लावायचेत त्यात सेव्ह करायला दिवस मावळायची वाट का बघायची मी? निन्टेन्डो डीएस हे हातात धरून खेळायचं मशीन २००४ चं, झाकण मिटलं की झोपायचं, उघडलं की तिथून पुढे. स्टीम डेक या आजच्या हातातल्या मशीनला एक बटण दाबलं की तेच. आणि तरी लोक मला सांगणार की हे तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे. आणि अपडेट! पोरगी झोपल्यावर मिळतात किती मिनिटं, त्यात स्क्रीनवर येतं चाळीस जीबी. काल रात्री का नाही केलंस मग, मशीन स्लीपमध्येच होतं ना?

पण गेम निदान दारावरची बेल तरी वाजवत नाही. दारावर पाटी लावलीये, बाळ झोपलंय, बेल वाजवू नका, मोठ्या अक्षरात, मराठीत आणि हिंदीत. पार्सलवाला पाटी वाचतो, मी होलमधून बघितलंय, वाचतो आणि बेल दाबतो. खाली भंगारवाल्याचा रेकॉर्ड केलेला भोंगा. वरच्या मजल्यावर दुपारी दोनला ड्रिल.

आणि नातेवाईक. गेल्या रविवारी मामा आले होते. सोफ्यावर बसून फुल आवाजात रील्स, एक संपली की दुसरी, आणि मला म्हणतात, अजून ते गेम खेळतेस? सरकारने बंद केलं ना ते? मामा, २०२५ चा कायदा पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर आहे, रमी न् काय काय, मी पैसे लावत नाही, मी ड्रॅगन मारते. तर म्हणे सगळं एकच. आणि हे बोलता बोलता तोच मोबाइल पोरीच्या डोळ्यांसमोर नाचवतायत, बघ बघ माकड बघ! जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ लाच सांगून ठेवलंय की वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन नकोच. मी पोरगी झोपल्यावर खेळते, दुसऱ्या खोलीत, आणि व्यसन मला. मोबाइल हातातून काढून घेतला तर तोंड पाडून बसले, आईचा फोन आला संध्याकाळी, मामाला काय बोललीस म्हणून.

सगळ्यात डोक्यात जातं ते हे की नवरा खेळला की तो दमून आलेला असतो. दिवसभर ऑफिस, जरा विरंगुळा नको का, सासूबाई स्वतः चहा नेऊन देतात त्याला, कंट्रोलर हातात असताना. मी बसले की पहिला प्रश्न, बाळ कुठंय? रात्रीतून किती वेळा उठते मी, कोणी विचारत नाही. दूध पुरतंय का विचारतात, डिंकाचे लाडू खाल्ले का विचारतात, आणि बाळ झोपलं की तू पण झोपत जा हे तर येणारा जाणारा सांगून जातो. मला नाही झोपायचं तेव्हा. मला तेव्हा अर्धा तास असा हवाय ज्यात कोणाला माझ्याकडून काही नको असेल. परवा परत तोच प्रश्न आला, बाळ कुठंय. म्हटलं, तिच्या बाबाकडे आहे, तिची शी झालीये, तो धुतोय.