शुश्रूषा केंद्रातल्या व्यसनाधीन रुग्णांनाही उपचार हवेत

ज्या केंद्रांत माणसे महिनोन्‌महिने, कधी अखेरपर्यंत शुश्रूषेसाठी राहतात, तिथे प्रवेशाच्या वेळी मधुमेह, रक्तदाब, पथ्य असे सारे काही विचारले जाते. दारू किंवा झोपेच्या गोळ्यांचा प्रश्न मात्र अनेकदा निघतच नाही आणि निघालाच, तर अशा स्वरात की नातेवाईक ‘नाही’ म्हणून मोकळे होतात.

या लपवाछपवीची किंमत रुग्ण मोजतो. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की पहिल्या ६ ते २४ तासांत हातांना कंप, घाम आणि अस्वस्थता सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि त्यानंतर काहींना होणारा तीव्र भ्रम वेळीच उपचार न मिळाल्यास जिवावर बेततो. रुग्ण वृद्ध असेल, तर हा सगळा प्रकार स्मृतिभ्रंशाच्या खात्यावर सहज मांडला जातो. वर्षानुवर्षे घेतलेल्या झोपेच्या गोळ्या एकदम बंद केल्यानेही फिट येऊ शकते, म्हणून त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी कराव्या लागतात.

अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावरील मेथाडोन आणि बुप्रेनॉर्फिन ही औषधे २००५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. तरीही ‘एका नशेच्या जागी दुसरी नशा’ असे म्हणून ती नाकारली जातात, याचा मला मनापासून संताप येतो. औषध तुटलेला रुग्ण पुन्हा नशेकडे वळला, तर शरीराची सवय मोडलेली असल्याने पूर्वी पचणारी मात्राच त्याचा श्वास थांबवू शकते. तो परिणाम उलटवणारे नॅलोक्सोन केंद्रात हाताशी असायला हवे आणि ते कसे द्यायचे, हे रात्रपाळीच्या परिचारिकेलाही ठाऊक हवे.

‘या वयात आता काय सुधारणार?’ हा प्रश्न मला क्रूर वाटतो. खुब्याचे हाड मोडलेल्या माणसाची वेदना केवळ तो व्यसनी आहे म्हणून खोटी ठरत नाही, आणि त्याला वेदनाशामक नाकारले, तर तो आराम दुसरीकडे शोधण्याची शक्यता वाढते. खोलीत बाटली सापडली की सामान बांधायला लावणारे केंद्र त्या माणसाला उपचारांपासूनच तोडते. त्याऐवजी त्या दिवशी डॉक्टरांना बोलवावे, औषधांचा फेरविचार करावा, समुपदेशकाची भेट ठरवावी आणि काय ठरले, हे रुग्णाला विश्वासात घेऊन सांगावे.