माथेरान लॉज : जुलैमधल्या मुक्कामाच्या रिव्ह्यूला मालकाचं उत्तर

नमस्कार ताई,

आपण दोन स्टार देऊन लिहिलंत की मेनूतलं निम्मं मिळालं नाही, साधा चहा चाळीस रुपयांना पडला, खोलीत दमट वास होता, बाजार ओस होता, आणि 'पावसात चालवता येत नसेल तर बंद ठेवा.' शेवटचं वाक्य मनाला लागलं, म्हणून सविस्तर लिहितो.

माथेरानला दस्तुरी नाक्याच्या पुढे गाडी येत नाही, हे आपण चालत आलात तेव्हा पाहिलंच. आमचं दूध, भाजी, पीठ, गॅस, सगळं त्याच वाटेने येतं. नेरळहून टेम्पो दस्तुरीला येतो, तिथे माल उतरतो आणि पुढचे सुमारे अडीच किलोमीटर घोड्यावर नाहीतर हमालाच्या डोक्यावर. जुलैत तांबड्या मातीचा नुसता राडा होतो. घोड्याच्या दोन्ही अंगांना सिलिंडर बांधलेले, मध्ये गोणपाट, आणि घोडेवाला लगाम धरून एकेक पाऊल बघत चालतो. ई-रिक्षा आल्या, पण माणसांसाठी आणि त्याही मोजक्या. त्या चाळीस रुपयांत ही मजुरी आहे. तोच चहा नेरळ स्टेशनबाहेर स्वस्त मिळतो, कारण तिथे टेम्पो दारात लागतो.

मेनूचं म्हणाल तर पनीर, मशरूम मे महिन्यात रोज संपतं. जुलैत मंगळवारी अख्ख्या लॉजमध्ये आपलंच कुटुंब होतं. माल मागवून तो सडवायचा, किंवा शिळा वाढायचा, हे मला पटत नाही. म्हणून त्या रात्री गरम पिठलं-भाकरी दिली. ती मुलांनी मागून घेतली, हे आपणही लिहिलंत, त्याबद्दल आभार.

दमटपणाचं खरं आहे. धुकं खिडकीच्या फटीतून आत येतं. चादरी बाहेर वाळत नाहीत, म्हणून स्वयंपाकघरामागे दोऱ्या बांधून चुलीच्या उबेवर वाळवतो. चादर रोज बदलतो. भिंतीतली ओल मात्र ऊन पडल्याशिवाय जात नाही.

आता बंद ठेवण्याबद्दल. इथे एप्रिल-मे, दिवाळी, नाताळ आणि शनिवार-रविवार, एवढ्यावर गावाचं वर्ष निघतं. पावसाळ्यात नेरळहून वर येणारी मिनी ट्रेन थांबते, फक्त दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनपासून माथेरानपर्यंतची शटल चालते. बरेच घोडेवाले घोडे खाली गावी नेतात, दुकानदार छपरांना ताडपत्री घालून कुलूप लावतात. पण गाव रिकामं होत नाही. २०११च्या जनगणनेत इथे सुमारे ४,४०० माणसं होती, ती पावसातही इथेच असतात. त्यांची पोरं छत्री धरून शाळेत जातात, आणि दहावीनंतर कॉलेजसाठी खाली नेरळ-कर्जत गाठतात.

आमचा आचारी आणि खोल्या बघणाऱ्या दोघी इथल्याच. मी तीन महिने कुलूप लावलं तर त्यांचा पगार थांबतो. शेजारच्या एका लॉजने तसं केलं, त्यांची दोन चांगली पोरं मुंबईला गेली ती परत आलीच नाहीत. ज्यांच्या हातचं मे महिन्यात आपण खाता, त्यांची चूल जुलैतही पेटली पाहिजे, म्हणून दार उघडं ठेवतो. पगार पूर्ण देतो, भाड्यात मात्र सीझनच्या मानाने बरीच सूट असते. आपल्या बिलातही ती आहे.

पुन्हा पावसात यायचं ठरलं तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत फोन करून काय खायचं ते सांगा. सकाळच्या घोड्यावर मागवून ठेवतो. आणि पूर्वेकडची खोली मागा, तिथे ओल कमी असते.

आपला,
लॉजमालक, माथेरान