काळी एक, नऊ शार्प आणि आमचे मास्तर

संगीत लिहायचं सॉफ्टवेअर म्हणलं की लोकांना वाटतं स्क्रीनवर पाच रेघा येणार, माऊसने टिकल्या उचलायच्या, रेघेवर नेऊन ठेवायच्या, झालं. तसली सॉफ्टवेअर आहेत, चांगली आहेत, ज्यांना सुखाने जगायचंय त्यांनी तीच वापरावीत. मी वापरतो ते लिलीपाँड. यात रेघा दिसतच नाहीत. कोरी फाईल असते, तिच्यात अक्षरं टाईप करायची, सी डी ई एफ, पुढं लांबीचा आकडा, चार म्हणजे एक मात्रा, आठ म्हणजे अर्धी, कंस, बॅकस्लॅश, महिरपी कंस, मग बटण दाबायचं आणि पीडीएफ उघडल्यावर बघायचं की आपण आरती लिहिली का आणखी काही. फुकट आहे हा एक गुण, आणि छापून आलेलं पान बघत बसावं असं देखणं येतं हा दुसरा. हान-वेन निनहाउस आणि यान न्यूवेनहाउझेन या दोघा डच माणसांनी १९९६ मध्ये हे सुरू केलं, पूर्वी धातूच्या प्लेटवर हाताने कोरून स्वरलिपी छापायचे तसली पानं कॉम्प्युटरकडून काढायची म्हणून. डच असल्यामुळे शार्पला, म्हणजे अर्धा सूर चढवलेल्या स्वराला, ‘इस’ आणि फ्लॅटला, म्हणजे अर्धा सूर उतरवलेल्याला, ‘एस’. एफ शार्प म्हणजे फिस, सी शार्प म्हणजे सिस. एक ओळ वर टाकली की इंग्रजी नावंही चालतात, पण मला आता फिस-सिसची सवय लागलीय आणि घरच्यांनीही विचारायचं सोडलंय.

आता सोलापुरात हे कुणाला लागतं? बँडवाल्यांना लागतं. विजापूर वेशीकडं एक जुना बँड आहे, तिथले मास्तर म्हणजे पक्के इंग्लिश नोटेशनवाले. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, सॅक्स, इफोनियम, प्रत्येकाचा वेगळा कागद, सगळं शाईने स्वतःच्या हाताने लिहिलेलं, आणि ते कागद आता घडीवर फाटायला आलेत. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, आधी एका आरतीचा कागद माझ्याकडं आला. चौथ्या बारवर, म्हणजे ठरलेल्या मात्रांच्या चौथ्या खणावर, शेंगाचटणीचा तेलकट डाग, त्याच्याखाली दोन स्वर, ते अंदाजाने.

“तुझ्या कॉम्प्युटरवर लिहून काढ बे. संध्याकाळपर्यंत होतंय न्हवं?”

मी हो म्हणलो.

सुरुवातीला वाटलं सोपं आहे. लिलीपाँडमध्ये रिलेटिव्ह म्हणून प्रकार असतो, म्हणजे प्रत्येक स्वर आधीच्या स्वराच्या जवळचा धरला जातो, लांब उडी मारायची असेल तर वर जायला एक टिंब-रेघ, म्हणजे अपॉस्ट्रॉफी, खाली यायला स्वल्पविराम. आता चादरीच्या मागावर उभा धागा तुटला की तो सांधेपर्यंत विणलेल्या सगळ्या कापडात रेघ येते ना, तसंच इथं. एक स्वल्पविराम राहिला आणि तिथून पुढची आख्खी आरती एक सप्तक वर गेली. ट्रम्पेटचे स्वर पाच रेघा सोडून जादा रेघांच्या शिडीवरनं वर वर निघालेत, अंतऱ्यापर्यंत तर पानाच्या मथळ्यालाच टेकले.

ते खाली आणलं. मग शार्पचं प्रकरण. आमचा गाणारा काळी एकमध्ये गातो, म्हणजे पेटीवरची पहिली काळी पट्टी, सी शार्प. मी वर व्यवस्थित ‘की’, म्हणजे इंग्रजीतली key, गाण्याची पट्टी, लिहिली: सी शार्प मेजर, सात शार्प. कुठलाही माणूस म्हणेल की वर सातही शार्प सांगितलेत तर खाली नुसतं सी डी ई लिहिलं तरी समजून घ्यायला पाहिजे. लिलीपाँड समजून घेत नाही. त्याचं म्हणणं, ‘की’ म्हणजे फक्त छापायचं चिन्ह, तुला सी शार्प पाहिजे तर तू सिस लिही, सी लिहिलास म्हणजे तुला शुद्ध सी पाहिजे, आणि मग इमानदारीत प्रत्येक टिकलीपुढं नॅचरलचं चिन्ह. आख्ख्या पानावर टिकल्या कमी आणि नॅचरल जास्त. त्याचं तत्त्व बरोबर आहे हो, मला मान्य आहे, जे वाजायचं तेच लिहायचं, पण रात्री अकराला तत्त्व ऐकायची कुणाची तयारी असते?

सगळीकडं इस लावले. आता आरतीचे शब्द घालायचे, ते देवनागरीत, म्हणजे कीबोर्ड सारखा इंग्रजी-मराठी-इंग्रजी. आणि इथं आला तो प्रसंग जो मी दुश्मनालाही देणार नाही. बार संपला की एक उभी रेघ टाकायची असते, ती टाकली की सॉफ्टवेअर मोजून बघतं बार भरला का नाही. मी रेघ टाकली. एरर आली, ‘हे स्वराचं नाव नाही’. ओळ क्रमांक दिला, अक्षर क्रमांक दिला, जाऊन बघतोय तर तिथं रेघच आहे. खोडली, परत टाकली, परत तेच. शेजारच्या ओळीत अशीच रेघ आहे, तिच्याबद्दल काही तक्रार नाही! चष्मा पुसला, स्क्रीन पुसली. शेवटी कळलं ते असं की कीबोर्ड मराठीवर राहिला होता आणि ती रेघ म्हणजे आपला श्लोकातला दंड. दिसायला जुळी भावंडं. अभंगाच्या शेवटी येतो तो दंड, त्याला लिलीपाँड विचारतंय बाबा तू कुठला स्वर, आणि मी दोघांकडं बघत बसलोय.

तेवढ्यात आतून, “अहो, पाणी आलंय.”

आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि येतं तेव्हा वेळ त्याची, आपली नाही. त्यामुळे लिलीपाँडचा घरात एकमेव मान असा की माणूस रात्री जागा असतो. बादल्या, पिंप, गच्चीवरची टाकी, सगळं भरून परत येऊन बसलो.

मुखडा समेच्या एक मात्रा आधी उठतो, ते वेगळं सांगावं लागतं, पार्शल म्हणून आज्ञा आहे, नाही दिली तर सम सगळीकडं एक मात्रा सरकते. याची वॉर्निंग ते एकदाच देतं. पुढचे सगळे बार तेवढ्याच मात्रेने चुकत राहिले तरी गप्प. एकदा सांगितलं ना, मग झालं, असा सरकारी स्वभाव. शब्दांचं तर विचारूच नका. अक्षरं तोडताना मध्ये दोन डॅश, दोन्ही बाजूला मोकळी जागा, जागा सोडायची राहिली की डॅश शब्दातच चिकटतात. आणि जोडाक्षर कुठं तोडायचं? ‘सिद्धेश्वर’ तीन स्वरांवर बसवायचा तर ‘सिद्’ एकीकडं, ‘धे’ एकीकडं, ‘श्वर’ एकीकडं. कानाला बरोबर, डोळ्याला पाप वाटतं. त्यात एका तानेवर स्लर, म्हणजे स्वर जोडणारी कमान, द्यायची राहिली की तिथं अक्षर ओढायच्या ऐवजी पुढचं अक्षर येऊन बसतं, मग शब्द चालीच्या पुढं पळतात, देवाचं नाव अर्ध्यात संपतं आणि शेवटचे बार मुके.

हे सगळं निस्तरून मूळ पान झालं. आता नुसतं ट्रान्सपोज, म्हणजे सगळे स्वर सारख्याच अंतराने वर-खाली सरकवायचे. क्लॅरिनेटवाल्याने कागदावरचा सी वाजवला की बाहेर बी फ्लॅट पडतो, म्हणून त्याचा कागद एक सूर वर लिहायचा. अल्टो सॅक्सचा त्याहून वर. हाताने लिहिताना मास्तरांचे तासन् तास यातच जायचे, इथं एक ओळ. ओळ टाकली, प्रिंट काढले, तालमीला घेऊन गेलो.

सॅक्सवाला पोरगा कागदाकडं बघत म्हणाला, “मास्तर, ह्याच्यात फुल्या कुणी मारल्यात? चुकलंय का काय?”

त्या फुल्या म्हणजे डबल शार्प. झालं होतं असं की सी शार्पवरनं एक सूर वर म्हणजे डी शार्प मेजर, त्याला हिशोबाने नऊ शार्प लागतात, म्हणजे एफ आणि सी दोनदोनदा चढवायचे. अल्टोला दहा. जगात कुणी क्लॅरिनेटसाठी असलं लिहीत नाही, पण लिलीपाँडला लाज नाही, त्याने नऊ शार्पांचा हिशोब, पाच शार्प आणि दोन फुल्या, ओळीने सुबक छापून दिला.

मास्तरांनी चष्मा काढला. “काय करून ठेवलास बे हे?”

“मास्तर, काळी एकच आहे.”

“काळी एक हाय रे, पण सी शार्प कशाला म्हणतोस तिला? डी फ्लॅट म्हण.”

पेटीवर पट्टी तीच. बोट तेच, आवाज तोच. पण डी फ्लॅट म्हणलं की क्लॅरिनेटला ई फ्लॅट मेजर, तीन फ्लॅट, आणि अल्टोला बी फ्लॅट मेजर, नुसते दोन. घरी येऊन सिसच्या जागी देस धरून सगळं पुन्हा काढलं, आणि पानं अशी स्वच्छ आली की मलाच फ्रेम करावीशी वाटली. इफोनियमला मधे आठ बार विश्रांती आहे, ती लहान आरने लिहिली तर आठ वेगवेगळ्या विश्रांत्या छापून येतात, मोठ्या आरने लिहून आणखी एक आज्ञा दिली की सगळ्यांची मिळून एकच खूण आणि वर आठचा आकडा. तोही कागद सुधारला. इफोनियमवाला खूष, म्हणाला तेवढ्यात चहा होतोय.

पुढच्या तालमीला गाणाऱ्याचा घसा बसलेला. “मास्तर, आज काळी एक झेपणार नाही, पांढरी एक घ्या.”

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. लॅपटॉप सोबत होता. एका ठिकाणी एक शब्द बदलला, बटण दाबलं, आणि क्लॅरिनेट, ट्रम्पेट, सॅक्स, इफोनियम, सगळे कागद अर्धा सूर खाली उतरून तयार, शब्दांसकट, स्लरसकट. शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट आले तोवर चहा पण संपला नव्हता. मास्तरांनी प्रत्येक कागद उजेडात धरून बारकाईने तपासला, बोटाने मात्रा मोजल्या, चूक सापडेना तसे जरा नाराजच झाले.

मग आत गेले आणि दोन पोरांच्या मदतीने एक पत्र्याची ट्रंक ओढत बाहेर आणली. आत सगळ्या वह्याच.

“हे बघ. झेरॉक्सवाला पानाला दोन रुपये घेतोय,” ते म्हणाले, “आणि तू तर घरचा माणूस.”