पुन्हा तीच धुरकट काच

वैताग आलाय! 1:24 ची, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याएवढ्या लांबीची, किटमधली जुनी मॉडेल गाडी सुटी केली, रंग खरवडला, पाण्यात भिजवून खरखरीत 400 नंबरपासून बारीक 2000 पर्यंत पॉलिशपेपर फिरवला, चाकं बदलून बॉडी खाली बसवली. तीन आठवडे गेले. शेवटी सुपरग्लूच्या एका थेंबाने पुढची काच बसवली आणि सकाळी बघतो तर कडेकडेने पांढरट धुरकट थर! ग्लूची वाफच काचेवर बसते. ही तिसरी गाडी. अहो किटवाल्यांनो, सूचनापत्रकात बाण दाखवता, मग काचेला साधा पांढरा गोंद लावा, तो वाळला की पारदर्शक होतो, एवढी एक ओळ छापायला काय जातं? चाकं दोन-दोन प्रकारची, स्टिकर ढीगभर. काच मात्र एकच.